'अमदान' म्हणजे शिवी की लाड? आयरिश भाषेतल्या वेडेपणाची व्युत्पत्ती आणि व्याकरण



आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हल्ली तीन भाषा नांदतात. घरात मराठी, बाहेर इंग्रजी आणि मुलांच्या दप्तरात आयरिश. पहिल्या दोन आपल्या ओळखीच्या. तिसरी मात्र आई-बाबांना परकी आणि मुलांना रोजची. मग एखाद्या संध्याकाळी धाकटा थोरल्याला 'अमदान!' म्हणून चिडवतो, दोघेही खिदळतात आणि आपण नुसते बघत राहतो. हे रागवण्यासारखे आहे की हसण्यासारखे, हेच कळत नाही. या वेळी आम्ही हाच शब्द घ्यायचे ठरवले. त्याच्या निमित्ताने त्याचे भाऊबंद आणि थोडे व्याकरणही येईल. व्याकरण म्हटल्यावर पान बदलू नका. ते मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा जवळचे वाटेल, असा आमचा दावा आहे.

आधी अर्थ. 'अमदान' म्हणजे मूर्ख, वेडा, खुळा. 'अमद्यख' हे विशेषण, म्हणजे मूर्खपणाचे. आणि 'अमदी' म्हणजे मूर्खपणा, वेडेपणा, अर्थहीन बडबड. या 'अमदी'तला 'द' मऊ उच्चारायचा, जवळजवळ 'द्य' सारखा. उत्तरेकडे डनिगॉलच्या बाजूला तो 'ज'कडे झुकतो. 'अमदान'मधला 'द' मात्र अगदी आपल्या 'दगड'मधला, जीभ दाताला टेकवून म्हणायचा. इंग्रजीत असा 'द' नाही, त्यांचा 'ड'च्या जवळ जातो. त्यामुळे आयर्लंडच्या इंग्रजीत हा शब्द लिहिताना लोकांनी 'डी'च्या पुढे एक 'एच' चिकटवला. आपल्या मुलांना असली कसरत करावी लागत नाही. 'त' आणि 'द' त्यांना जन्मापासून येतात.

आता हा शब्द आला कुठून? जुन्या आयरिश भाषेत 'अम्मित' असा एक स्त्रीलिंगी शब्द होता. जुन्या वाङ्मयात त्याचा अर्थ येतो तो अमानवी शक्ती असलेली बाई, चेटकीण, हडळ. पुढे त्याच शब्दाचा अर्थ 'वेडी बाई' असा झाला. चेटकिणीची वेडी कशी झाली, हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. 'झपाटलेला' आणि 'वेडा' यांतली रेघ आपल्याकडेही पुसटच आहे. अंगात येणे, बाधा होणे, डोके फिरणे हे शब्द गावाकडे एकाच ओट्यावर बसतात.

या 'अम्मित'ला 'आन' हा प्रत्यय लागून 'अमदान' तयार झाला. हा प्रत्यय आयरिशमध्ये दोन कामे करतो. एक, वस्तू लहान करतो: 'ल्यौर' म्हणजे पुस्तक, तर 'ल्यौरान' म्हणजे पुस्तिका. दुसरे, गुणावरून माणूस घडवतो: 'बोख्त' म्हणजे गरीब, 'बोख्तान' म्हणजे गरीब माणूस. यात एक गंमत आहे. आपल्याकडे सहसा पुल्लिंगी शब्दावरून स्त्रीलिंगी होतो, वेड्याची वेडी होते. इथे आधी बाई होती आणि तिच्यावरून पुरुष तयार झाला. मूळ बाई कोशातच राहिली आणि हे महाशय मात्र आजही गल्लोगल्ली फिरत आहेत.

चेटकाची ती जुनी सावली लोककथांत टिकून राहिली. पश्चिम आयर्लंडमध्ये 'अमदान न ब्रीन्य' नावाचे एक पात्र सांगतात. 'ब्रीन' म्हणजे पऱ्यांचा वाडा आणि हा त्या वाड्यातला वेडा. पऱ्यांच्या इतर कुणाचा फटका बसला तर उतारा निघतो, याचा फटका बसलेला मात्र बरा होत नाही, अशी समजूत होती. लेडी ग्रेगरी यांनी गॉलवे भागातल्या लोकांकडून अशा हकिकती गोळा केल्या आणि १९२० साली त्या पुस्तकरूपाने छापल्या. कवी येट्स यांनीही या वेड्यावर लिहिले आहे. अचानक अर्धांग झालेल्या, बोलणे गेलेल्या माणसाचे काय झाले, याचे उत्तर गावाला हवे होते, ते या वेड्याने दिले.

जुना आयरिश कायदा मात्र याबाबत आश्चर्य वाटावे इतका जमिनीवर होता. मती मंद असलेला आणि भ्रमिष्ट झालेला, यांना त्यात वेगवेगळे शब्द होते. अशा माणसाला चिथावून कुणी गुन्हा करवून घेतला, तर भरपाई चिथावणाऱ्याने द्यायची. हजार वर्षांहून जुन्या कायद्यातली ही गोष्ट. बोलीत अशा निष्पाप माणसाला 'दिन्य ले जीअ' म्हणतात, शब्दशः 'देवाबरोबरचा माणूस'. आपला 'देवमाणूस' वेगळा, तो सज्जन. पण दोन्हीकडे देव आठवला हे खरे. म्हणून मुलांना एवढे जरूर सांगावे: मित्राने चहात मीठ घातले तर तो 'अमदान', पण वर्गातल्या ज्या मुलाला खरोखरच शिकायला अवघड जाते त्याच्यासाठी हा शब्द नाही. मराठीतही 'वेडा' आपण कुणाला म्हणतो आणि कुणाला म्हणत नाही, हे पाळतोच की.

पुरुष 'अमदान', मग बाई कोण? तिच्यासाठी वेगळा शब्द आहे, 'ओन्शख'. त्याच्या शेवटचा 'शख' हा बाईमाणसाच्या शब्दांत येणारा प्रत्यय. 'गिर्शख' म्हणजे मुलगी आणि 'बार्शख' म्हणजे कजाग बाई. 'ओन्शख' हा 'अमदान'पेक्षा जरा बोचरा लागतो असे आमचे मत. हा शब्द स्थलांतरितांबरोबर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडलाही पोहोचला. तिथल्या इंग्रजीत तो मूर्ख माणसासाठी वापरला गेलाच, पण नाताळात सोंगे काढून घरोघर फिरतात, त्यांत बाईचा वेष घेतलेल्या पुरुषालाही तेच नाव पडले. आपला शिमग्यातला सोंगाड्या आठवला ना?

लिंगाचा विषय निघालाच आहे तर एक तुलना करू. जुन्या आयरिशमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे होती. पुढे नपुंसकलिंग गळाले आणि दोनच उरली, जसे हिंदीचे झाले. मराठीने तिसरे लिंग जपून ठेवले आणि त्याचा एक नाजूक उपयोगही शोधला. 'वेडा कुठला' हे टोचू शकते, पण 'वेडं कुठलं!' यात फक्त माया असते. 'ध्यान आहे नुसतं', 'खुळं रे खुळं', ही सगळी नपुंसकलिंगाची कृपा. आयरिश आईला ही सोय नाही. तिला माया आवाजातूनच दाखवावी लागते. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: 'अमदान' शिवीही आहे आणि लाडही. कुठला ते कानाने ओळखायचे.

आता 'अमदी'कडे वळू, कारण रोजच्या बोलण्यात हाच जास्त येतो. 'नील आउन अख अमदी' म्हणजे 'हा निव्वळ वेडेपणा आहे'. 'ना बी एग अमदी' म्हणजे 'वेडेपणा करत बसू नकोस'. शिकणाऱ्याला हा शब्द फार सुखाचा, कारण एकवचनात तो कधी बदलत नाही. षष्ठी असो वा प्रथमा, 'अमदी' तो 'अमदी'च. पण एक चकवा आहे. 'अमद्यख' या विशेषणाचे तुलनादर्शक रूपही 'अमदी'च होते. 'नीस अमदी' म्हणजे 'अधिक मूर्खपणाचे'. तेव्हा वहीत 'अमदी' दिसले की आधी त्याच्या शेजारी 'नीस' बसला आहे का, ते बघावे.

वेडगळ बोलण्यासाठी आयरिशमध्ये आणखी दोन शब्द सर्रास ऐकू येतात. एक 'शफोद', त्यातलाही 'द' मऊ. आणि दुसरा... हा सांगताना आम्हाला जरा संकोच होतो... 'रामेश'. आपल्यातल्या समस्त रमेशरावांनी कृपया रागावू नये. त्यांचा रमेश म्हणजे रमेचा ईश, आणि या रामेशचा उगम इंग्रजी 'रोमान्स' या शब्दात आहे. रोमान्स म्हणजे प्रेमप्रकरण असे आज आपण समजतो, पण पूर्वी त्याचा अर्थ शूरवीरांच्या रचलेल्या, लांबलचक अद्भुत कथा असा होता. आयरिशमध्ये येता येता त्या कथेची थाप झाली आणि थापेची बडबड झाली. पी. डब्ल्यू. जॉइस यांनी १९१० साली आयर्लंडच्या इंग्रजीवर पुस्तक लिहिले. त्यातही हा शब्द आहे आणि त्याची हीच व्युत्पत्ती दिली आहे. 'अमदान' आणि 'ओन्शख' हे जोडपेही त्यात आहेच. शब्द चढतात तसे घसरतात. आपल्याकडे 'पुराण'ही असेच घसरले. 'लावलं याने पुराण' म्हणतो तेव्हा आपण कुठल्याही पवित्र ग्रंथाविषयी बोलत नसतो. तर कार्यालयात कुणी 'सगळं रामेश आहे' म्हणाले, तर शेजारच्या टेबलावरच्या रमेशला बोलावू नये.

आता खरी गंमत, म्हणजे विभक्ती. आपल्या व्याकरणात शब्दाचे शेपूट बदलते: घोडा, घोड्याचा, घोड्याला. आयरिशमध्ये शेपूट तर बदलतेच, वर डोकेही बदलते. 'तो मूर्ख' म्हणायचे तर उपपद 'अन्' लागते आणि स्वराने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी शब्दाला पुढून एक 'त' चिकटतो: 'अन् तमदान'. 'ओन्शख' स्त्रीलिंगी, म्हणून तिला 'त' नाही: 'अन् ओन्शख'. अनेकवचनात 'ते मूर्ख' म्हणजे 'न हमदाइन', इथे 'ह' आला. 'त्या मूर्खांचा' म्हणायचे तर 'न नमदान', इथे 'न' आला. त्या मूर्ख बाईचा, मूर्ख बाईची म्हणताना 'न होन्शी'. म्हणजे मूळ शब्द एक आणि त्याच्या डोक्यावर प्रसंगानुरूप 'त', 'ह' किंवा 'न' ही टोपी. लग्नात फेटा, पावसात टोपरे आणि शेतात मुंडासे, तसेच हे. यातले 'न नमदान' मुलांना एकदा सांगितले की कायमचे लक्षात राहते, कारण एक एप्रिलला आयरिशमध्ये 'ला न नमदान' म्हणतात, 'मूर्खांचा दिवस'. लिहिताना ही 'न'ची टोपी लहान अक्षरात आणि मूळ शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत ठेवतात. शब्दाच्या मधेच मोठे अक्षर बघून ती छपाईची चूक समजू नका, कोशात मूळ शब्द कुठे शोधायचा हे त्यावरून कळते.

संबोधनाची गोष्ट तर आपल्या घरचीच. इंग्रजीत जॉनला हाक मारली तरी तो जॉनच. मराठीत मूर्खाला हाक मारली की तो 'मूर्खा!' होतो, वेडा 'वेड्या!' होतो आणि घोळका असेल तर 'गाढवांनो!' होतो. शाळेत आठवी विभक्ती संबोधन म्हणून घोकलेली असते, ती हीच. आयरिशमध्येही तशीच आहे. 'अमदान'ला हाक मारताना शेवटचा 'न' मऊ होऊन 'अमदाइन!' होते आणि अनेक असतील तर 'अमदाना!'. शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर पहिले अक्षरही पातळ होते आणि आधी एक 'अ' लागतो. शॉनला हाक मारताना 'अ ह्यॉन', मॉर्याला 'अ वॉर्या'. स्कॉटलंडमधले 'हेमिश' हे नाव असेच जन्मले. 'शेमस'ची तिकडच्या गेलिकमधली हाक इंग्रजी कानांनी ऐकली आणि तेच नाव समजून लिहून टाकले. जणू कुणी आपल्या 'वेड्या'लाच मूळ शब्द समजावे. आपल्या मुलांना इंग्रजीच्या वाटेने 'हाक मारताना नाव का बदलायचे' हे समजावणे कठीण जाते, मराठीच्या वाटेने एका वाक्यात समजते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इथे खराखुरा फायदा आहे. तो आपण त्याला दाखवून द्यायला हवा.

असाच दुसरा फायदा 'असणे' या क्रियापदाचा. इंग्रजीत माणूस अक्कल 'बाळगतो'. मराठीत अक्कल 'मला असते' किंवा 'माझ्याकडे असते'. आयरिशमध्येही बाळगण्याचे क्रियापद नाहीच. अक्कल म्हणजे 'कीअल', आणि 'टा कीअल अगम' म्हणजे 'अक्कल आहे माझ्याजवळ'. 'अगम' हा एकच शब्द, 'माझ्याजवळ'. 'अगत' म्हणजे तुझ्याजवळ, 'एग्ये' त्याच्याजवळ, 'अगिन्य' आमच्याजवळ. 'तुला काही अक्कल आहे का?' हे आपले आवडते वाक्य आयरिशमध्ये 'अन् विल कीअल अर बिह अगत?' असे जसेच्या तसे बसते. क्रियापद मात्र वाक्याच्या सुरुवातीला येते. आपले शेवटी, त्यांचे आधी. एवढा एक सांधा बदलला की काम झाले.

मूर्ख असण्याचेही दोन प्रकार आहेत. 'इस अमदान ए' म्हणजे तो जातीचाच मूर्ख. 'ना बी इ दमदान' म्हणजे, शब्दशः, 'तू तुझ्या मूर्खात राहू नकोस', आत्तापुरता मूर्खासारखा वागू नकोस. हा दुसरा प्रकार आम्हाला फार आवडतो. त्यात सुधारायला जागा ठेवली आहे. मुलांना रागवायचेच असेल तर दुसरा वापरावा.

या 'कीअल'ची एक म्हण आहे: 'नी हागन कीअल रीव ईश', वयाआधी शहाणपण येत नाही. आपण म्हणतो 'साठी बुद्धी नाठी'. दोन्ही म्हणी एकत्र मानल्या तर शहाणपणाचा काळ फारच थोडा उरतो! पण दुसऱ्या एका शब्दात मात्र दोन्ही भाषा अगदी गळ्यात गळा घालतात. ठेच खाऊन आलेल्या शहाणपणाला आयरिशमध्ये 'कीअल ह्यानिहे' म्हणतात, 'विकत घेतलेली अक्कल'. आणि आपण बुडालेले पैसे कुठे मांडतो? अक्कलखाती. डब्लिनमध्ये भाड्याचे घर शोधताना अनामत बुडालेल्या कुणालाही हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हे सारखेपण काही ठिकाणी योगायोगाचे, काही ठिकाणी खरोखर रक्ताचे. मराठी आणि आयरिश या एकाच मोठ्या भाषाकुळाच्या दोन टोकांच्या शाखा आहेत. मनासाठी जुन्या आयरिशमध्ये 'मेन्मे' हा शब्द होता, आज तो 'म्यानमा' झाला आहे. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ 'मन्मन्', आणि आपले मन, मती, मत ही त्याच धातूची प्रजा. चूक किंवा विसर यासाठी आयरिशमध्ये 'जॅरमद' म्हणतात, त्याच्या पोटातही हाच 'मन्' आहे. मनातून निघून गेलेले, ते 'जॅरमद'.

या नात्याच्या अभ्यासाचा एक धागा भारतातूनही जातो. डब्लिनमध्ये १८३० साली जन्मलेले व्हिटली स्टोक्स हे पेशाने कायदेपंडित. १८६२ मध्ये ते भारतात आले आणि पुढे १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे विधी सदस्य होते. दिवसा हिंदुस्थानचे कायदे आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश हस्तलिखिते, असा त्यांचा संसार. आयरिशमधला फार जुना व्युत्पत्तिकोश 'सनस कोर्मक' या नावाने ओळखला जातो. तो ९०८ साली लढाईत मारल्या गेलेल्या कोर्मक या राजा-बिशपच्या नावावर आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर स्टोक्स यांनी संपादित केले आणि १८६८ साली ते छापले गेले ते चक्क कलकत्त्यात.

आता शेवटी मुद्द्याचे बोलू, कारण हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो: मुलाला आयरिशमधून सूट घ्यावी का? नियम थोडक्यात असा. २०२२ च्या परिपत्रकांनुसार परदेशात शिकून वयाच्या बाराव्या वर्षी किंवा त्यानंतर इथल्या शाळेत आलेल्या मुलासाठी पालकांना लेखी अर्ज करता येतो. शिकण्यात गंभीर अडचण असलेल्या मुलांसाठीही तरतूद आहे. निर्णय मुख्याध्यापक देतात. इथेच जन्मलेल्या किंवा लहानपणी आलेल्या मुलाला केवळ 'घरी कुणाला येत नाही' म्हणून सूट मिळत नाही. ज्या मुलाला खरोखर गरज आहे, त्याच्यासाठी ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

पण नियमात बसते म्हणून लगेच अर्ज करणाऱ्यांनी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. प्राथमिक शिक्षक व्हायचे तर आयरिश लागते. लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेत २०१२ पासून आयरिशच्या ४० टक्के गुण तोंडी परीक्षेला आहेत, म्हणजे बोलक्या मुलाला वाव आहे. आणि 'ही भाषा बोलतो कोण' या नेहमीच्या शंकेला उत्तर असे: २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश बोलता येते असे सांगितले, पण शाळेबाहेर रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. आकडा छोटा आहे, हे मान्य. तरी १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात ती पूर्ण कामकाजाची भाषा आहे आणि तिथे भाषांतरकार लागतात. मालवण तालुक्यातल्या वराडचे नाव आडनावात घेऊन फिरणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये या देशाचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांना मिळालेले पदनाम 'टीशक' हेही आयरिशच होते.

घरी मदत कशी करायची, तर 'टीअंगलन' हे मोफत संकेतस्थळ उघडा. त्यावर नीअल ओ डोनल यांचा १९७७ चा मोठा आयरिश-इंग्रजी कोश आहे, शब्दांची व्याकरणातली रूपे आहेत आणि उच्चारांच्या ध्वनिफिती आहेत, त्याही अल्स्टर, कॉनॉख्ट आणि मन्स्टर अशा तीन बोलींत. त्यात 'अमदान' शोधा आणि मुलाला शेजारी बसवून तिन्ही ऐका. उत्तरेकडे आणि पश्चिमेला आघात सुरुवातीच्या 'अ'वर पडतो, मन्स्टरमध्ये शेवटच्या 'दान'वर, आणि मधला स्वर जवळजवळ गिळला जातो. मुलाच्या बाई कुठल्या गावच्या आहेत, तेही त्यावरून बहुधा कळेल.